सातऱ्यावरची मिरची : काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

वाचनालयाने होळीनंतर माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाला मागची खोली द्यायचं कबूल केलं. दोन भिंती, खिळे आधीच ठोकलेले, वीस फोटो आरामात बसतील. विषय मिरचीचे सातरे, आणि सगळे फोटो काळे-पांढरे.

आमच्या नागपूर जिल्ह्यात, कुही-भिवापूरकडच्या माणसाला सातरा सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी : मोकळं आवार, त्यात वाळलेल्या मिरचीचे ढीग, आणि ढिगाभोवती सकाळपासून देठ खुडत बसलेल्या बाया. मजुरी किलोमागे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण मी जातो त्या सातऱ्यावर बहुतेक माल ट्रकने येतो, संकरित.

बायको म्हणाली, लाल मिरचीचे फोटो काळे-पांढरे काढणं म्हणजे बिनगुळाची पुरणपोळी. तिला सांगितलं की रंगीत काढून पाहिले आहेत मागच्या वर्षी. लोक म्हणतात, "काय लाल दिसते गा!" आणि पुढे जातात. मागे बसलेली बाई कोणाला दिसतच नाही.

मामाजींनी उमरेडचा स्टुडिओ बंद केला तेव्हाचा एक डबा माझ्याकडे पडून होता. आज उघडला. लेन्सवर लावायच्या चार रंगीत काचा, म्हणजे फिल्टर : पिवळी, नारिंगी, लाल, हिरवी. काळ्या-पांढऱ्या फोटोत काच आपल्या रंगाच्या वस्तू उजळ करते, विरुद्ध रंगाच्या गडद. सगळ्या ५२ मिलिमीटरच्या. माझ्या ३५ मिमीच्या लेन्सचे आटेही ५२ चेच, म्हणजे अडॅप्टरची भानगड नाही. लाल काचेच्या कडेला थोडी बुरशी आहे, मध्यभाग स्वच्छ.

मामाजींना फोन केला, विचारलं काच लावून काढू की हेच काम नंतर कंप्युटरवर करू. त्यांचं मत ठरलेलं : "कंप्युटरवर काय, कोनीबी करते. काच लावून काढ, मंग समजते."

बरं. काच लावून काढतो.

१९ जानेवारी

सकाळी साडेसात ते साडेदहा सातऱ्यावर. कोवळं ऊन, लेन्सचं छिद्र एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००. काच न लावता शटर १/२५० सेकंद मिळत होतं. पिवळ्या काचेने एक स्टॉप खाल्ला, म्हणजे उजेड निम्मा, १/१२५. नारिंगीने दोन, १/६०. लाल काचेने तीन, १/३०.

कागदावर हे पाठ होतं. सातऱ्यावर त्याचा अर्थ वेगळा कळला. खुडणारीचे हात सेकंदभर थांबत नाहीत. १/२५० ला बोटं, नख, नखात अडकलेला देठ, सगळं येतं. १/३० ला हाताच्या जागी धुकं. आयएसओ १६०० केलं तर शटर परत मिळतं, पण सावलीतले चेहरे दाणेदार होतात. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्यात लाल काचेतून पाहताना व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच लाल. लाल मिरची, लाल बाई, लाल पोतं. चौकट बांधायची कशी?

आणि दर वेळी काच काढा, घाला, काढा, घाला. मिरचीच्या ढिगावर हात टेकून तेच बोट काचेला लावलं, रुमालाने काच पुसली आणि त्याच रुमालाने डोळा. पुढचे वीस मिनिटं मी हौदाजवळ. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. "डोळ्याले हात नका लावू ना भाऊ, आमी काय सांगतो!" त्यांनी सांगितलं होतं, खरं आहे. मी ऐकलं नव्हतं.

२० जानेवारी, रात्री

फाइली उघडल्या. लाल काचेच्या चाळीसपैकी एकतीस वाया.

मिरची पांढरीफट्ट. नुसती उजळ असती तर चाललं असतं. वाळलेल्या मिरचीच्या सालीवर ज्या सुरकुत्या असतात, देठाजवळची ती चुणी, सगळं जळून सपाट झालेलं. एका फोटोत तर ढीग असा दिसतो की जिनिंगच्या आवारातला कापूस वाटावा.

चूक माझी. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मी उजळपणाचा एकच पांढरा आलेख पाहत होतो, आणि तो डावीकडे, अंधाराच्या बाजूला, झुकलेला दिसला म्हणून एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवत गेलो. त्या आलेखात तीन रंगांना सारखं वजन नसतं. टीव्हीच्या जुन्या हिशोबात हिरव्याला ५९ टक्के, लालला ३०, निळ्याला ११. एचडीच्या हिशोबात हिरवा ७२, लाल २१, निळा ७. कोणताही धरा, हिरवाच भारी. लाल काच लावली की हिरवा जवळजवळ येतच नाही, त्यामुळे आलेख म्हणतो अंधार आहे, आणि तोवर लाल चॅनल, म्हणजे फोटोतली लाल उजेडाची नोंद, काठोकाठ भरून सांडलेला असतो. तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख पाहायची सोय याच कॅमेऱ्यात होती. एक बटण दाबायचं होतं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाच्या तीन ऑर्डरी. सातऱ्यावर गेलो नाही.

२ फेब्रुवारी

आज घरच्या गच्चीवर शिस्तीत तपासणी. ट्रायपॉड, बारदान्याचा तुकडा, त्यावर लाल मिरच्या, दोन हिरव्या मिरच्या, कापसाचं एक बोंड आणि बायकोची हिरवी साडी घडी करून. साडी परत मिळेल या अटीवर.

एक फोटो बिनकाचेचा, रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये. एक लाल काचेचा, या वेळी लाल आलेख सांभाळून. पहिला डार्कटेबल या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, कलर कॅलिब्रेशनच्या ग्रे टॅबवर लाल १, हिरवा ०, निळा ०, म्हणजे काळा-पांढरा फोटो फक्त लाल चॅनलचा. दोन्ही शेजारी ठेवले. बायकोला विचारलं कोणता कोणता. तिने चष्मा लावला, काढला, म्हणाली, "एकच फोटो दोनदा लावला का?"

असंच व्हायला हवं होतं. आपल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगीत काचा आधीच बसवलेल्या असतात, प्रत्येक पिक्सेलवर एक. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ मध्ये पेटंट मिळवलेली ही मांडणी : चारांच्या चौकोनात दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. माझ्या २४ मेगापिक्सेलमध्ये एक कोटी वीस लाख हिरवे, साठ लाख लाल, साठ लाख निळे. लेन्सवर लाल काच लावली म्हणजे एक कोटी ऐंशी लाख खिडक्यांची दारं बाहेरून लावून घेतली. उरलेल्या साठ लाखांवर फोटो.

फरक दिसला तो पुढे. बिनकाचेच्या फाइलमध्ये लाल ०.७ आणि हिरवा ०.३ केला तर सुरकुत्या परत येतात, मिरची तरी उजळच राहते. लाल काचेच्या फाइलमध्ये हिरवा कितीही वाढवा, तिथे उचलायला काही नाही. पांढरा कणकण, म्हणजे दाणेदारपणा, तेवढा वाढतो.

कॅमेऱ्यातल्या मोनोक्रोम मोडमध्येही पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे फिल्टर निवडता येतात. ते फक्त जेपेगला लागतात, रॉमध्ये रंग शाबूत. आता मी पडद्यावर काळं-पांढरं पाहून चौकट बांधतो आणि रॉ ठेवतो. ही सवय या प्रकल्पाची पहिली कमाई.

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे मामाजी नंतर बोलायला नको. ज्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगीत जाळीच नाही, तिथे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. लायकाने २०१२ मध्ये तसा काढला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये. त्यात लाल आणि हिरवा एकदा एकाच करड्यात मिसळले की कोणत्याही स्लायडरने वेगळे होत नाहीत, काच लावायची तर आधीच. आपल्या तालुक्यात असा कॅमेरा कोणाकडे असेल असं वाटत नाही.

९ फेब्रुवारी

सातऱ्यावर टॅब नेला, बायांना फोटो दाखवायला. आपण दरवेळी त्यांच्यासमोर कॅमेरा धरतो, त्यांना काही दाखवत नाही, हे बरं नाही.

वेलतूरकडून येणाऱ्या एक मावशी आहेत, साठीच्या. त्यांचा चेहरा मला या सगळ्या मालिकेचा मधला फोटो वाटतो. लाल चॅनलवर केलेला फोटो होता. ऊन बाजूने, त्वचा उजळ, मऊ, डाग गेलेले, स्टुडिओत काढल्यासारखा. मला तो फार आवडला होता.

मावशींनी टॅब दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "माह्यं कुंकू कुठी गेलं?"

मी वाकून पाहिलं. कपाळ कोरं. लाल चॅनलमध्ये लाल म्हणजे उजळ, आणि उजळ कपाळावर उजळ कुंकू. गेलंच होतं. कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावलेली बाई माझ्यासमोर बसली होती आणि फोटोत ते पुसलेलं होतं. तीन आठवडे मी या फोटोवर काम करतोय. सुरकुत्या पाहिल्या, कणकण पाहिला, हे पाहिलं नाही.

वातावरण सांभाळलं ते काट्यावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने. "म्या जित्ता हाय अजून, त्याले सांग." सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, पण टॅब पालथा करून परत दिला.

शेजारचीने तेवढ्यात ढिगाचा फोटो पाहून विचारलं, "हे मिरची व्हय का कापूस?"

१० फेब्रुवारी

मामाजींना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत.

त्यांच्या वडिलांच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसतच नसे. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. त्या प्लेटवर कुंकू काळंभोर यायचं, ओठ काळे, सावळा माणूस आणखी सावळा. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला लालही दिसू लागला, आणि कुंकू फिकं झालं. गिऱ्हाईक कुरकुर करू लागलं. मग काय करायचे? "हिरवी काच लावाची. नाई तं प्रिंटवर ब्रशनं कुंकू लावून द्याचं. लगनाच्या प्रत्येक फोटोत. माह्या हातानं लावलेले कुंकू मोजाले बसलो तं जिल्हा भरंल."

डब्यातली हिरवी काच लालपेक्षा जास्त घासलेली का आहे, ते आत्ता कळलं. मी समजत होतो ती झाडांसाठी असेल.

फिल्मवाल्यांना काच का लागायची हेही यात आलंच. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रंगाची नोंदच नसते, जे ठरवायचं ते शटर दाबण्याआधी. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये तिकडच्या हाफ डोम डोंगराच्या कड्याचा फोटो काढला तेव्हा आधी पिवळी काच लावली, आभाळ मनासारखं काळं येणार नाही म्हणून मग गडद लाल. त्याला दुसरी प्लेट खर्चावी लागली. मला निर्णय घरी येऊन, चहा पिऊन, आणि मावशींनी हटकल्यावरही बदलता येतो.

रात्री फाइल नव्याने केली. मिरचीला हिरव्याकडे झुकलेलं मिश्रण, म्हणजे ती गडद आणि सुरकुत्यांसकट येते. चेहऱ्याला मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडून, लाल आणि हिरवा निम्मे-निम्मे. कुंकवाला स्वतंत्र छोटा मास्क, पूर्ण हिरवा चॅनल. एका फोटोत तीन काचा, जे लेन्सवर कधीच जमलं नसतं. फक्त रंगाच्या स्लायडरने हे करायला गेलो होतो, पण लाल खाली ओढला की मिरची, कुंकू, लुगड्याचा काठ आणि तळहात सगळेच खाली जातात. हात तर मिरचीच्या तिखटाने लालच असतात.

१६ फेब्रुवारी

नागपूरला सीताबर्डीत एका ऑर्डरीचे पैसे आणायला गेलो होतो, तिथून ५२ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चमक अडवणारी फिरती काच, घेऊन आलो. मामाजींच्या डब्यात हा नव्हता.

सातऱ्यावर दहाच्या उन्हात मिरचीच्या ढिगावर लाखो पांढरे ठिपके असतात. वाळलेली साल चकचकीत, प्रत्येक मिरचीवर उन्हाची एक रेघ. काळ्या-पांढऱ्यात हे ठिपके फार त्रास देतात, ढीग खडीच्या गिट्टीसारखा दिसतो. पोलरायझर लावून फिरवत गेलो आणि ढीग डोळ्यांसमोर बदलला. ठिपके विझत गेले आणि खालून मिरचीचा स्वतःचा गडदपणा वर आला. शेजारी स्टीलचं घमेलं होतं, त्याची चमक जशीच्या तशी. पोलरायझर ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, उजेड अडवतो, आणि धातूवरून परतलेला उजेड तसा ध्रुवित होत नाही. साल, पान, पाणी, काच यांच्यावरून तिरका परतलेला होतो.

हे डार्कटेबलमध्ये करून पाहिलं. ठिपका गडद केला तर करडा डाग मिळतो, मिरची मिळत नाही. सालीवरच्या चमकेखाली काय होतं ते सेन्सरपर्यंत पोचलेलंच नसतं. लाल काचेने जे केलं ते सगळं रॉमध्ये आधीच होतं. याने जे केलं ते नव्हतं.

पूर्ण फिरवला तर मात्र मिरची मेल्यासारखी दिसते, शिळी, ओलसर. अर्ध्यावर थांबलो. दीड-दोन स्टॉप जातात, १/२५० चे १/८० होतात. हातांसाठी नाही, ढिगांसाठी ठीक.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अंभोऱ्याला गेलो. मालिकेत सातऱ्याबाहेरचे चारच फोटो ठेवणार आहे, त्यातला एक पाण्याचा हवा. बायांपैकी बऱ्याच जणी आज जत्रेत होत्या, कामाला सुट्टी.

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने इथल्या नद्यांच्या संगमाला आता तलावाचं रूप आलं आहे. पाण्यावरची चमक सर्वांत जास्त मरते ती उभ्या रेषेपासून ५३ अंशांच्या आसपास पाहिलं तर, म्हणून घाटाच्या चौथ्या पायरीवर बसून कॅमेरा खाली झुकवला. पाण्याखालच्या पायऱ्या दिसू लागल्या. त्यावर तरंगणारी बेलपानं आणि एका बाईचे बुडालेले पाय. हा घेतला.

मग नवा केबलचा पूल आणि आभाळ. आज सकाळी वारा होता, आभाळ बऱ्यापैकी निळं. घरी येऊन निळ्या रंगाचा स्लायडर खाली ओढला : आभाळ झकास काळं, आणि प्रत्येक केबलभोवती पांढरी कड. बारीक केबलच्या काठावरचे पिक्सेल ना धड निळे ना धड करडे, स्लायडर त्यांना ओळखत नाही आणि सोडून देतो. स्लायडर शून्यावर आणला, त्याऐवजी चॅनलचं मिश्रण लालकडे नेलं. आभाळ किंचित कमी काळं, पण कड गेली. आभाळासाठी आता चॅनलच.

इथे मामाजींच्या लाल काचेला एक मार्क द्यावा लागेल. बिनकाचेच्या फोटोत हिरवा चॅनल आधी भरतो, म्हणून एक्सपोजर तिथेच थांबवावं लागतं आणि लाल अर्धाच भरलेला राहतो. लाल काच हिरव्याला अडवते, तेव्हा ट्रायपॉडवर साधारण एक स्टॉप जास्त उजेड लालला देता येतो. काळ्या आभाळातला कणकण खरोखर कमी दिसला. पूल हलत नाही, त्यामुळे वेळेची चिंता नाही. तेवढा एक फोटो काचेचा.

९ मार्च

लग्नसराई. दोन आठवड्यांत एकच सकाळ मिळाली. पळस पेटला आहे, पण आभाळ धुरकट पांढरं. लाल काच लावून पाहिली. पांढऱ्या आभाळाचं काय होणार, पांढरंच राहिलं, तीन स्टॉप मात्र गेले. सॉफ्टवेअरनेही तेच. निळा नसलेल्या आभाळात काळं करायला काही नसतं. आभाळ चौकटीबाहेर ठेवलं.

१६ मार्च

प्रिंट आल्या. नागपूरच्या एका लॅबमधून. पिशवी उघडल्या उघडल्या हिरवट झाक. लॅबवाला म्हणतो मॉनिटर बिघडला असेल. माझा मॉनिटर बिघडला तर कागदावर कसा बिघडेल, असं विचारलं, उत्तर नाही. रंगीत कागदावर करडा रंग तीन डाय मिळून बनतो, एकाचा तोल ढळला की झाक येते, आणि काळ्या-पांढऱ्यात ती लपायला जागा नसते. चेहऱ्यावर हिरवी झाक फार वाईट. सगळ्या पुन्हा टाकायला सांगितल्या, या वेळी आधी एक नमुना प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात पाहायची अट घातली.

पुन्हा आल्या त्या बऱ्या आहेत. वीसपैकी काचेचे फोटो किती : रंगीत काचेचा एक, पोलरायझरचे सहा. बाकी तेरा नुसते लेन्सचे.

२३ मार्च

काल प्रदर्शन उघडलं. मामाजी उमरेडहून बसने आले. पुलाच्या फोटोपुढे उभे राहून म्हणाले, "हा काचेचा." बाकीच्यांपुढे काही बोलले नाहीत. हिरव्या काचेचा डबा परत द्यायला लागलो तर घेतला नाही.

आज दुपारी मावशी नवऱ्याला घेऊन आल्या. भिंतीच्या मधोमध त्यांचा फोटो. मिरची काळी, सुरकुत्यांसकट. कपाळावर कुंकू काळं. त्या जवळ गेल्या, बोट काचेवर टेकवलं.

"कुंकू आलं. पन एवढुसं नाई लावत म्या."

मला वाटलं, फोटो चेहऱ्यापेक्षा लहान, म्हणून तसं वाटत असेल. रात्री फाइल मोठी करून पाहिली. बरोबर बोलल्या. मास्कची कड मऊ ठेवायच्या नादात मी कुंकवाचा चौफेर काठ खाल्ला होता, रॉमध्ये ते चांगलं तिसऱ्या हिश्श्याने मोठं आहे. मास्क पुन्हा ओढला, कड कमी केली, त्या एका फोटोची प्रिंट नव्याने टाकली. मंगळवारी येईल.